भटकंती सोडा, हिशेबात या

किती दिवस त्या हरणामागे धावणार? पाठीला पोर, हातात गारगोटीचं पातं, आणि मुक्काम जिथे सूर्य मावळेल तिथे. हे शोभत नाही हो तुम्हाला. एका जागी बसा, चार दाणे पेरा.

पेरलं म्हणजे दळणही आलं. सीरियात युफ्रेटिस नदीकाठच्या अबू हुरेरा या प्राचीन गावी बायकांचे सांगाडे सापडलेत : गुडघे दुखावलेले, कंबर गेलेली, पायाचे अंगठे झिजलेले. रोज गुडघे टेकून दगडावर दाणे भरडायचे, त्याचा हा प्रसाद. तुम्हालाही मिळेल. (ओव्या नंतर सुचतील.)

घर बांधाल तर तुर्कस्तानातल्या चाताल्ह्योयुकसारखं बांधा. भिंतीला भिंत, मध्ये गल्ली नाही, छपरावरून शिडीने आत उतरायचं. घरातलं माणूस गेलं की निजायच्या ओट्याखालीच पुरायचं. एकत्र कुटुंब म्हणतात ते हे.

पण खरी प्रगती हवी असेल तर उरुक गाठा, आजच्या इराकमधलं प्राचीन शहर. इ.स.पू. ३३००च्या सुमारास तिथे लेखनाचा शोध लागला. आता प्रेमपत्रं लिहू, असं मनात आणू नका. ओल्या मातीच्या पाटीवर पहिल्यांदा उमटलं ते किती जव आले, किती मेंढ्या गेल्या. एका पाटीवर नोंद आहे : २९,०८६ मापं जव, ३७ महिने, कुशिम. हा कुशिम माणूस होता की हुद्दा, यावर विद्वान अजून भांडतात. दफ्तरात शिरल्यावर दोन्हींत फरक उरत नाही, हे त्यांना कोणी सांगावं? जव बहुधा बिअरसाठी होते, एवढं मात्र कळतं.

मुलांच्या शिक्षणाची काळजी नको. त्यांना हुद्द्यांची यादी गिरवायला मिळेल, वरचे साहेब आधी. ती यादी पुढे शेकडो वर्षं शिकाऊ लेखनिक उतरवत राहिले. एकही नाव वगळायची हिंमत कोणाची झाली नसावी.

आणि जेवण? साच्यात थापलेले ओबडधोबड वाडगे हजारोंनी तयार आहेत, बहुधा मजुरांचा शिधा मोजायलाच. तिथल्या लिपीत ‘खाणे’ म्हणजे माणसाचं डोकं आणि शेजारी एक वाडगा. हरणाचं नाव नाही.

तेव्हा रांगेत या. वाडगा घरून आणू नका, तिथेच मिळतो. जव कमी भरले असं वाटलं तर खुशाल तक्रार करा. ती लिहून घ्यायला कुशिम बसलेलाच आहे.