मरत नाही, म्हणाला होता

गोव्यात पर्वरीला फ्लॅट घेतलात, अभिनंदन. हप्ते सुरू झाले, गॅलरीला ग्रील बसलं, हॉलमध्ये एल आकाराचा सोफा आला. आता सोफा आणि टीव्ही यांच्यामधला कोपरा तेवढा ओका दिसतो, आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे बोट करून "इथे एखादं झाड ठेव रे" म्हणतो. म्हणजे झाड आलंच. तुमचे आजोबा सावईवेऱ्याच्या कुळागरात पहाटे पाट वळवायला उठायचे. पोफळी, माड, केळी, मिरीचे वेल यांच्यात त्यांचा जन्म गेला, आणि त्यातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी तुमच्या वडिलांना शिकवलं. वडिलांनी तुम्हाला इंजिनिअर केलं. इंजिनिअर होऊन तुम्ही साडेतीनशे रुपयांना एक झाड घरी आणताय. घराण्याचं एक वर्तुळ पूर्ण झालं.

निवड मोबाइलवर करावी. आपल्या हॉलमध्ये ऊन कुठून येतं, किती वाजता येतं, कधी जातं, हे बघण्याच्या भानगडीत पडू नये. त्यासाठी एक अख्खा दिवस घरी बसावं लागतं, आणि घरी बसायला का फ्लॅट घेतलाय? फोटोत जे झाड शोभून दिसतं ते घ्यावं. फोटोत त्याच्या शेजारी भली मोठी खिडकी असते; तुमच्याकडे तिथे शू-रॅक आहे. झाड समजून घेईल.

नर्सरीत गेलात की म्हणावं, "आम्ही नवशिके. मरणार नाही असं काहीतरी द्या." तो तीन झाडं पुढे करेल: मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि झेडझेड. "हे मरत नाही," असं तो तिन्हींबद्दल सांगेल. तो खोटं बोलत नाही. त्याच्याकडे ते खरंच मरत नाही, कारण त्याच्याकडे पाचशे कुंड्या आहेत आणि एकीचेही लाड करायला त्याला सवड नाही. तुमच्याकडे एकच असणार आहे.

मनी प्लांट विकत घेतला तर पैसा येत नाही, तो कुणाच्या तरी दारातून चोरूनच आणावा लागतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही तो अडीचशे रुपयांना, पावतीसकट घ्यावा. वेल मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मूरेआ नावाच्या बेटावरचा. तिथून इथवर आलाय तो काय दर ठिकाणी पावती फाडून आला असेल?

एक एरिका पामही घ्याल. घ्याच. मी घेतला होता. दीड पुरुष उंचीचा, हिरवागार, गाडीच्या खिडकीतून शेंडा बाहेर काढून आणला. आई तेव्हा फोंड्याहून राहायला आली होती. तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली, देठ चाचपलं आणि विचारलं, "हाका सुपाऱ्यो केन्ना लागतल्यो?" मी म्हटलं, याला सुपाऱ्या लागत नाहीत, हा शोभेचा. एरिका हे आपल्या पोफळीचंच शास्त्रीय नाव, पण बाजारात त्या नावाने जो मिळतो तो मादागास्करचा वेगळाच ताड. आईने थोडा वेळ विचार केला. "म्हणजे पोफळ म्हणून विकतात, आणि ती पोफळ नाही," ती म्हणाली. मग किंमत विचारली. मी अर्धीच सांगितली, तरी तिने पदर तोंडाला लावला. गावात पोफळीची रोपं पडलेल्या सुपारीतून आपोआप उगवतात आणि बेणताना उपटून फेकतात, हे तिने त्या दिवशी काढलं नाही. चतुर्थीला, सगळ्या भावकीसमोर काढलं.

आणखी एक गोष्ट नर्सरीत कुणी सांगत नाही. मनी प्लांट, झेडझेड, पीस लिली, सिंगोनियम, अँथुरियम आणि जिच्या एका पानासाठी लोक हजार रुपये मोजतात ती मॉन्स्टेरा, ही सगळी मंडळी अळूच्या कुळातली. म्हणजे पावसाच्या पहिल्या सरीला कंपाउंडच्या भिंतीवर, चिऱ्यांच्या सांदीत, गटाराच्या कडेला फुकट उगवणाऱ्या तेऱ्याची, म्हणजे रानअळूची, ही सख्खी चुलत भावंडं. फरक एवढाच, की तेरें आंबाडे घालून शिजवून खाता येतं. खाज मात्र घराण्याची सारखीच: सगळ्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तेऱ्याला आपण आंबट घालून सरळ करतो. मनी प्लांटला आंबट घालायची सोय नाही, तेव्हा रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी जमिनीवर, त्यांच्या तोंडाशी येईल अशी ठेवावी. दुपारी फोनवर बोलायला विषय मिळतो.

कुंडी पांढऱ्या सिरॅमिकची, तळाला भोक नसलेली घ्यावी. भोकातून पाणी जातं आणि टाइलवर तांबडा डाग पडतो. तुमच्या टाइल्स इटालियन आहेत.

मातीचं असं आहे. आपली तांबडी माती कुंडीत नुसतीच भरली की दोन महिन्यांत चिऱ्यासारखी घट्ट होते, म्हणून तिच्यात शेणखत, थोडी वाळू आणि सोडणाचा भुसा मिसळतात. सोडण म्हणजे तेच, जे आजी न्हाणीघरात भाणाखाली जाळायची. गावच्या घरामागे त्याचा अजून ढीग पडलाय. तो तसाच पडू द्यावा, आणि कोकोपीट नावाने दाबून केलेली वीट ऑनलाइन मागवावी. पाकिटावर नारळाचं चित्र असतं. दोन दिवसांत घरपोच. माडांच्या राज्यात नारळाची साल कुरिअरने येते तेव्हा दारात सही करताना छाती कशी भरून येते, ते अनुभवायलाच हवं.

आता पाणी. इथे जरा सावकाश जाऊ, कारण बाकी सगळं चुकलं तरी ही झाडं तग धरतात. पाणी मात्र संपूर्ण तुमच्या हातात आहे.

सकाळी पूजा झाली की तुळशीला पाणी घालता ना? तांब्यात उरलेलं झेडझेडला घालावं. रोज. तुळस उघड्यावर उन्हात असते, तिला ते लागतं; पण घरातल्या घरात दुजाभाव कशाला? झेडझेड पूर्व आफ्रिकेतलं. तिकडे महिनोन्महिने कोरडे जातात, म्हणून त्याने मातीखाली बटाट्याएवढाले कंद धरून त्यांत पाणी भरून ठेवायची तजवीज केलेली असते. म्हणजे ते तुमच्याकडे आलं तेच पुरुमेंत, पावसाळ्याआधी करतात ती साठवण, करून. तुमच्या शू-रॅकजवळच्या अंधारात त्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा पाणी पुष्कळ झालं, आणि तेही बोट मातीत दोन पेरं खुपसल्यावर कोरडं लागलं तर. पण मातीत बोटं घालायची होती तर एवढं शिकलात कशाला?

तेव्हा रोज घालावं. मग एक मौज होते. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या फटी कायम पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही, आणि पानं माना टाकतात. तुम्ही संध्याकाळी मांडवीच्या पुलावरचा ट्रॅफिक पार करून घरी येता, त्या माना बघता आणि कळवळता: "तहानलंय बिचारं!" आणखी एक तांब्या. दुसऱ्या दिवशी माना आणखी खाली. मग दोन तांबे. खोड बुडाशी मऊ पडतं, पिवळं होतं, कुंडीला डबक्याचा वास यायला लागतो. तुम्ही उदबत्ती लावता. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून तहानेने मरणं माणसाला जमलेलं नाही.

पीस लिलीने या बाबतीत फारच घोळ घातलाय. ती खरोखर तहानली की नाटकातल्या नायिकेसारखी सपशेल आडवी होते आणि पाणी घातलं की दोन-तीन तासांत उठून बसते. एकदा हा चमत्कार स्वतःच्या हातून घडला की माणूस इतर सगळ्या झाडांवरही तो करायला जातो.

कुंडीखालची बशी भरलेली असू द्यावी. डेंगीच्या डासाला अंड्यातून निघून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि आपण ती बशी ओततो चतुर्थीला आणि दिवाळीला. आरोग्य खात्याचा माणूस टॉर्च घेऊन दारात उभा राहिला तर त्याला शेजाऱ्याच्या गॅलरीकडे पाठवावं. तिथेही बशा आहेत.

पाहुणे आले की विषय झाडावर आणायचा आणि सहज म्हणायचं, "हवा शुद्ध करतं. नासाने सांगितलंय." सांगितलं होतं खरं, १९८९ मध्ये, पण ते प्रयोग हवाबंद पेट्यांत केलेले होते, आणि डोळ्यांसमोर अंतराळातली घरं होती. पर्वरीतल्या हॉलला खिडक्या असतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी असे जुने प्रयोग गोळा करून हिशेब मांडला: घरात हवा नुसती आत-बाहेर करते त्यातून जे काम होतं, तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. तुमचा हॉल १५ चौरस मीटरचा धरू. कमीत कमी १५० कुंड्या. सोफा काढावा लागेल. एवढी झाडं एका जागी हवी असतील तर आजोबांचं कुळागर होतंच. पण त्याचा दावा कोर्टात आहे आणि पुढची तारीख दिवाळीनंतरची. स्नेक प्लांट रात्रीही ऑक्सिजन देतं, असंही कुणीतरी सांगेल. रात्री ते पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं, एवढं खरं. ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो. खिडकी उघडा असं सुचवू नये. सुचवणारा माणूस पुन्हा चहाला बोलावला जात नाही.

घरगुती उपाय भरपूर आहेत: चहाचा चोथा साखरेसकट, अंड्याची कवचं, केळ्याची सालं, पानांना चकाकी यावी म्हणून खोबरेल. सगळं एकाच आठवड्यात करावं. मुंग्या आणि चिलटं यांनाही कळायला हवं की या घरात कुणीतरी राहतं.

आणि मग जून. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकतो. कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर हिरवी लव येते, मीठ पाणी सोडतं, गॅलरीला प्लास्टिक बांधलं की भरदुपारी दिवा लावावा लागतो. उजेड कमी आणि हवेतच एवढं पाणी, तेव्हा कुंडीतली माती पंधरा-पंधरा दिवस वाळत नाही. तुम्ही वेळापत्रक मोडू नये. जेड असेल तर त्याला मुद्दाम पावसात ठेवावं, "पावसाचं पाणी अमृत" असं म्हणून. ते दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या डोंगरांवरचं आहे, अमृताची सवय नाही. त्याची गुबगुबीत पानं एकेक करून गळतात आणि पायाखाली द्राक्षासारखी फुटतात.

एवढं सगळं करूनही काही झाडं श्रावणापर्यंत टिकतात. त्यांच्यासाठी चतुर्थी आहे.

चतुर्थीला तुम्ही मूळ घरी जाणार. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला, कांगलां, आंबाडे, ओल्या सुपाऱ्यांचा घोस शोधत रानात हिंडणार, हातपाय खरवडून घेणार, आणि तिथल्या एकाही झाडाला कुणी पाणी घालत नाही याचा तुम्हाला पत्ताही लागणार नाही. निघण्यापूर्वी फ्लॅटची चावी शेजारच्या वहिनींकडे द्यावी: "तेवढं झाडांना बघाल ना?" त्या हो म्हणतील आणि त्यांची चावी तुमच्या हातात ठेवतील, कारण त्याही डिचोलीला चालल्यात. दोघांच्या चाव्या मग खाली वॉचमनकडे. वरच्या तिन्ही मजल्यांच्याही तिथेच येतात. गोव्यातल्या बिल्डिंगा चतुर्थीला अशाच असतात: बावीस फ्लॅट, बावीस गणपती गावाला, आणि इथे एक वॉचमन, बावीस चाव्या आणि शंभरेक कुंड्या. तो बिचारा इमानी असतो. पाइप घेऊन दिवसातून दोनदा फिरतो.

सात दिवसांनी परत आलात की दार उघडण्याआधीच वास येईल. स्नेक प्लांटची पानं बुडातून सुटून सोफ्यावर रेललेली असतील. झेडझेडचे दांडे ओढले तर हातात येतील. मनी प्लांटच्या जागी काळी दोरी. हे सगळं काळ्या पिशवीत भरून खाली टाकायला जाल, तेव्हा वॉचमनच्या केबिनकडे नजर जाईल. खिडकीत दारूची रिकामी बाटली, तिच्यात नळाचं पाणी, आणि त्यातून निघून पंख्याच्या वायरीवरून पत्र्यापर्यंत गेलेला मनी प्लांट. तळहाताएवढी पानं. विचारा त्याला.

"साब, आपका ही है," तो म्हणेल. "बारिश से पहले गॅलरी से टूट के गिरा था।"

काही बोलू नका. वर या, आंघोळ करा, जेवा. दहा वाजता शतपावलीला खाली उतरा, कात्री खिशात असू द्या. वेलीवर जिथून पान फुटतं तिथे एक तपकिरी गाठ असते, मुळं तिथूनच येतात. तिच्या खाली बोटभर सोडून कापा, नुसतं पान खुडून काही फुटायचं नाही. वॉचमन खुर्चीत डोळे मिटून बसलेला असेल. तो जागा आहे. त्यालाही झाड गॅलरीतून पडूनच मिळालं होतं, तेव्हा तो डोळे उघडणार नाही.