वन इज टू वन

हॅम रेडिओवाल्याला, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेखातर रेडिओवरून बोलणाऱ्याला, सुख कशात आहे असं विचारलं तर तो आकडा सांगतो: वन इज टू वन. म्हणजे रेडिओने जेवढी पॉवर अँटेनाकडे पाठवली तेवढी सगळी गेली, माघारी काही आलं नाही. या आकड्याला एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) म्हणतात. टू इज टू वन झाला की साधारण ११ टक्के पॉवर परत येते, थ्री इज टू वनला २५ टक्के, आणि त्यापुढे रेडिओ जिवाच्या भीतीने आपणहून पॉवर उतरवायला लागतो. आमच्यात कुणी भेटलं की आधी तब्येत विचारतात आणि मग एसडब्ल्यूआर. काही जण आधी एसडब्ल्यूआर विचारतात आणि तब्येतीचं राहूनच जातं.

आता हा आकडा जुळायचा तर तार बेतशीर लांबीची हवी. ४० मीटर बँडवर, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास, साधा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी केलेली सरळ तारेची अँटेना, टाकायचा तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे २० मीटर तार लागते. ती सरळ हवी, उंच हवी, आणि आसपास लोखंड नको. डोंबिवलीत यातल्या पहिल्या दोन अटी पूर्ण करणारी जागा रेल्वे रुळांच्या वर आहे, पण तिथे आधीच २५ हजार व्होल्टची दुसरी तार आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, जिन्याची खोली, 'गच्चीवर पापड वाळत घालू नयेत' असा बोर्ड आणि त्या बोर्डाखाली वाळणारे पापड एवढा संसार आहे. त्यातून उरलेल्या जागेत माझी तार बसवली. टाकीच्या पाइपापासून निघते, मध्ये डिश चुकवायला वळते आणि जिन्याच्या खोलीवरच्या हुकाला संपते. लांबी किती, तर मावली तेवढी. अशा तारेला रँडम वायर असं भारदस्त नाव आहे, त्यामुळे ती मुद्दाम तशी लावली आहे असं पाहुण्यांना सांगता येतं.

रेडिओला मात्र सांगता येत नाही. रेडिओच्या पोटातला ट्यूनर, म्हणजे हा आकडा जुळवून देणारा भाग, साधारण थ्री इज टू वनपर्यंत झेपवतो आणि मग हात वर करतो. म्हणून बाहेरचा, मोठा, ऑटोमॅटिक अँटेना ट्यूनर घ्यावा लागला.

दिसायला हा एक काळा डबा. आत कॉइल, कपॅसिटर आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच. रेडिओला समोर ५० ओहमचा रोध लागतो. तारेच्या टोकाशी मात्र लांबी आणि फ्रिक्वेन्सीप्रमाणे कधी १० ओहम निघतात, कधी ३०००, आणि वर रिअॅक्टन्सचा आहेर. इथे ट्यूनर लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचं काम करतो. मुलीकडच्यांना सांगायचं, मुलगा अगदी तुमच्या अपेक्षेत बसणारा, स्थिरस्थावर, निर्व्यसनी. मुलगा आहे तिथेच आणि आहे तसाच असतो. मुलीकडच्यांचं समाधान झालं की मध्यस्थाचं काम संपलं.

माझ्या डब्यात सात कॉइल आणि सात कपॅसिटर आहेत, प्रत्येक आपल्या आधीच्याच्या दुप्पट. शिवाय कपॅसिटर कॉइलच्या अलीकडे लावायचे की पलीकडे हे ठरवणारा एक रिले. म्हणजे एकूण १५ रिले, प्रत्येक एकतर चालू नाहीतर बंद. ३२,७६८ जुळण्या होतात. त्या सगळ्या तो बघत नाही, तेवढी त्यालाही लाज आहे. आधी ढोबळ अंदाज घेतो, मग बारीक शोधतो. पण जेवढं शोधतो तेवढं आवाज करून शोधतो. टक. टकटक. टकटकटकटक. टक. मग शांतता. आपण माइक उचलतो. टकटकटक.

४० मीटरवर पहाटे बँड छान उघडलेला असतो आणि घर झोपलेलं. पहिल्याच पहाटे बायको उठून आली. "अहो, उंदीर शिरलाय." मी खरं कारण सांगितलं. ती डब्याकडे बघत म्हणाली, "उंदीर परवडला. त्याला पिंजरा तरी लावता येतो."

या डब्याला स्मरणशक्ती आहे, हे विकणाऱ्याने दोनदा सांगितलं होतं. कुठल्या फ्रिक्वेन्सीला काय जुळलं ते तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी एका टकीत तिथे जाऊन बसतो. कागदावर हे फार सुरेख आहे. फक्त गच्चीनेही तसंच लक्षात ठेवून तशीच राहायला हवं. जिन्याच्या खोलीचं लोखंडी दार तारेच्या शेवटच्या टोकाजवळ येतं. ते बंद असताना एक आकडा, उघडं असताना दुसरा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ओली सतरंजी तारेला खेटून टाकली की तिसराच. परिणामी गच्चीचं दार कोणीतरी उघडं टाकून गेलंय ही बातमी सोसायटीत सगळ्यात आधी मला लागते, तीही दुसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसून. वॉचमनला मी इंटरकॉमवरून कळवतो. मला कसं कळतं हे त्याने अजून विचारलेलं नाही, पण हल्ली तो मला जरा वचकून असतो.

शिष्टाचाराचा भाग वेगळाच. ट्यून करायला आधी कॅरियर सोडावी लागते, म्हणजे न बोलता नुसती शिट्टी. पॉवर पाच-दहा वॅटच ठेवायची, नाहीतर रिलेचे पॉइंट जळतात. आणि सोडायची ती रिकाम्या जागी, 'इज द फ्रिक्वेन्सी इन यूज?' असं विचारून. हे लायसन्सच्या परीक्षेला बसण्याआधीच शिकवलेलं असतं. तरी सकाळच्या नेटवर, म्हणजे हवेवरच्या ठरलेल्या वेळच्या बैठकीत, कोणी नातवाच्या मुंजीचं आमंत्रण देत असेल तर नेमकं तारखेवर "पूंऽऽऽऽ" येतं. कुणाचा ट्यूनर ते कधीच कळत नाही, कारण शिट्टीला कॉल साइन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारं हवेवरचं नाव, नसते. बैठक चालवणारे नेट कंट्रोल थकल्या आवाजात म्हणतात, "तारीख परत सांगा." तो बिचारा परत सांगायला लागतो आणि परत "पूंऽऽऽऽ". पहिल्या वेळी जुळलं नव्हतं ना. मुंजीला निम्मे लोक आदल्या दिवशी जातात.

एवढं सगळं सोसूनही मी ट्यूनरच्या बाजूनेच बोलत असे. खरा घोटाळा पुढे कळला. ट्यूनरने जुळवलं नाही तर माणूस निदान वर जाऊन तार बघतो. जुळवलं की मात्र विचार करायचं थांबतो, आणि हा डबा वाट्टेल ते जुळवतो. कपडे वाळत घालायची तार, बाल्कनीचं ग्रिल, सगळ्यांना तो वन इज टू वनचं प्रशस्तिपत्रक देऊन टाकतो. आणि नुसतं प्रशस्तिपत्रकच हवं असेल तर ५० ओहमचा एक रेझिस्टर लावावा. त्याला डमी लोड म्हणतात. एसडब्ल्यूआर आपोआप वन इज टू वन. १०० वॅट सोडले तर तो छान तापतो, आणि आवाज शेजारच्या गल्लीतही जात नाही.

आमच्या एका मित्राचा एसडब्ल्यूआर पहिल्या पावसात आपणहून सुधारला. रिले एकदाही न वाजता १.२. त्याने ग्रुपवर मीटरचा फोटो टाकला, आम्ही अभिनंदनाचे गुच्छ टाकले. त्यानंतर हवेवर त्याला कुणी ऐकलं नाही. कनेक्टरमधून केबलमध्ये पाणी शिरलं होतं. वर जाणारी पॉवर वाटेत मुरत होती, आणि त्यातून जी थोडी परत फिरे ती येताना मुरत होती. मीटरपर्यंत माघारी काही पोचतच नव्हतं, त्यामुळे मीटरचं म्हणणं, सगळं उत्तम आहे.

या विषयातले आमचे गुरू म्हणजे एक ज्येष्ठ हॅम. आम्ही त्यांना दादा म्हणतो. मोर्स त्यांच्या बोटांत आहे, जेवताना पापडाचा तुकडा मोडतानासुद्धा काहीतरी पाठवत असतात. त्यांनी माझ्याकडे चहा घेतला, गच्चीवर जाऊन तार बघितली, खाली येऊन मीटरवरचा वन इज टू वन बघितला आणि कागद मागितला.

"रेडिओपासून तारेपर्यंतची केबल कुठली?"

"आरजी-५८. तीसेक मीटर."

दादांनी बरंच काही लिहिलं, त्यात लॉगॅरिदम होते. निष्कर्ष असा की वर तारेपाशी एसडब्ल्यूआर २० असेल तर केबलमध्ये मुरता मुरता खाली रेडिओपाशी तो साडेपाचच्या आतबाहेर दिसतो. तेवढा जुळवणं ट्यूनरला अवघड नाही. मीटर खूश, रेडिओ खूश, मी खूश. आणि १०० वॅटपैकी तारेपर्यंत पोचतात जेमतेम २५.

"बाकीचे ७५?"

"केबल शेकतोयस तू," दादा म्हणाले. "आणखी अर्धा कप दे."

उपाय त्यांनीच सांगितला. ट्यूनर वर न्यायचा, थेट तारेच्या बुडाशी. मग खालच्या केबलला समोर ५० ओहम दिसतात, आणि तीच केबल सव्वा डेसिबलच्या आसपास गिळते, म्हणजे ७५ वॅट वर पोचतात. त्याप्रमाणे डबा पाणी न शिरणाऱ्या पेटीत बंद केला, त्याचे १२ व्होल्ट त्याच केबलमधून वर चढवले, पेटीखालून काउंटरपॉइजच्या, म्हणजे अर्थिंगच्या जागी काम करणाऱ्या, तारा पसरल्या आणि मुख्य तार डोक्याच्या वरून नेली, कारण ट्रान्समिट चालू असताना तिला हात लागला तर चटका बसतो. (काउंटरपॉइज नव्हता तेव्हा माझा माइकच ओठाला चावायचा. बायकोच्या मते तो एकटाच मला वेळेवर गप्प करत होता.) घरात कमालीची शांतता झाली. जपान नीट ऐकू येऊ लागला आणि मुख्य म्हणजे जपानला मी ऐकू जाऊ लागलो.

टकटक वर गेली एवढंच.

एका रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला: 'गच्चीवर टाकीमागे संशयास्पद पेटी. आतून टकटक आवाज. वायरी आहेत. कोणीही वर जाऊ नये.' हे वाचल्यावर अख्खी सोसायटी वर गेली. मेसेज फक्त मी वाचला नव्हता, कारण मी खाली हेडफोन लावून एका जपानी स्टेशनसाठी फ्रिक्वेन्सी बदलत होतो. मी नवी फ्रिक्वेन्सी धरून कॅरियर सोडली की वर पेटी टकटकायची आणि मंडळी दोन पावलं मागे सरायची. मी ऐकायला थांबलो की पेटी गप्प, मंडळी दोन पावलं पुढे. हा सगळा प्रयोग वॉचमनने नंतर मला साभिनय करून दाखवला. सेक्रेटरींच्या हातात म्हणे वाळूची बादली होती. काकूंनी तेवढ्यात पापड गोळा केले.

शेवटी वायर कुठे जाते हे बघत बघत मंडळी माझ्या दारात आली.

मी लायसन्स दाखवलं. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीचं, म्हणजे वायरलेसचे परवाने देणाऱ्या शाखेचं आहे, परीक्षा देऊन मिळालेलं आहे, हे सांगितलं. किल्लारीला १९९३ साली भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी रेडिओवरून संपर्क राखून होते. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर काही फरक पडेना, तेव्हा मी ठेवणीतलं काढलं.

"राजीव गांधीसुद्धा हॅम होते. व्हीयू२आरजी."

"असतील," सेक्रेटरी म्हणाले. "त्यांना सोसायटी नव्हती."

विषय वार्षिक सभेत गेला. एरवी कोरम जमवायला सभा अर्धा तास तहकूब करावी लागते, या वेळी खुर्च्या कमी पडल्या. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी विचारलं, या लहरींनी केस गळतात का. मी काही बोलायच्या आत सगळ्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं आणि तो प्रश्न तिथेच मिटला. तळमजल्यावरच्या काकांचं म्हणणं, पेटी वाट्टेल ते जुळवते म्हणताय तर ए विंग आणि बी विंगच्या पार्किंगचं बघा काही जमतंय का. ठराव झाला. सूचक काकू, अनुमोदक ते केसवाले गृहस्थ, हात वर करताना त्यांच्या हातात वडा होता. इतिवृत्तात अशी नोंद आहे: 'पेटी निरुपद्रवी असल्याची हमी सदस्याने दिली. पेटीने सकाळी सातच्या आत वाजू नये. पेटीवर मालकाचे नाव, फ्लॅट क्रमांक व ओळख ठळक अक्षरांत लिहावी.'

त्याप्रमाणे मी पेटीवर नाव लिहिलं, फ्लॅट नंबर लिहिला, 'हात लावू नये' लिहिलं आणि ओळख म्हणून खाली मोठ्या अक्षरांत माझी कॉल साइन रंगवली. अक्षरं आणि आकडा असे एकत्र बघून बी विंगच्या पोरांनी तो वाय-फायचा पासवर्ड ठरवून टाकला आहे. संध्याकाळी ती फोन घेऊन पेटीभोवती कोंडाळं करून बसतात. एवढी माणसं तारेखाली जमली की एसडब्ल्यूआर बिघडतो. मी खाली ट्यूनचं बटण दाबतो, ट्यूनर पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतो, आणि आतली टकटक ऐकून पोरं एकमेकांना म्हणतात, थांब, कनेक्ट होतंय.