खलनायकाला काय ठाऊक आहे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर गोष्ट रंगवत खेळायच्या खेळातल्या शत्रूंवर मी मागे लिहिलं होतं. त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

तुमचा आक्षेप असा: शत्रूंनी डावपेच लढवायला हवेत असं मी लिहिलं, पण डीएमच्या, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या आणि सगळे शत्रू खेळवणाऱ्या माणसाच्या, हातात अख्खं जग असतं; त्याने डोकं लढवून वार करायला सुरुवात केली तर खेळाडूंनी करायचं काय? नेरूळच्या तुमच्या ग्रुपमध्ये प्रत्येक लढाईत सगळे शत्रू आधी क्लेरिकवर (साथीदारांच्या जखमा भरणाऱ्या पुजारिणीवर) तुटून पडायचे आणि ती खेळणारी मैत्रीण शेवटी यायचीच बंद झाली. शत्रू हरण्यासाठीच असतात, त्यांना फार अक्कल देऊ नये, असं तुमचं म्हणणं.

तुमच्या मैत्रिणीवर अन्याय झाला, यात शंकाच नाही. पण त्याला मी डावपेच म्हणणार नाही. पहिल्या फेरीत, कुणी एकही स्पेल (मंत्र) टाकलेला नसताना, गुहेतल्या गॉब्लिनना (बुटक्या राक्षसांना) क्लेरिक कोण हे कळलं कसं? चिलखत आणि ढाल घेतलेली क्लेरिक दुरून फायटरसारखीच, म्हणजे साध्या लढवय्यासारखीच दिसते. डीएमने तिची कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद) पाहिली होती, म्हणून कळलं. डीएमला सगळं ठाऊक असतं. खलनायकाला मात्र तेवढंच, जे त्याने पाहिलं, ऐकलं किंवा हेरांनी आणून दिलं.

आता तीच लढाई अशी बघा. फायटर कोसळतो, क्लेरिक हीलिंग वर्ड हा जखमा भरणारा मंत्र म्हणते, तो उठून पुन्हा तलवार चालवतो. गॉब्लिनांच्या नायकाने हे पाहिलं. तो ओरडतो, "ती ढालवाली! आधी तिला पाडा!" ठाण्यात आमच्या टेबलवर मी शत्रूचे हुकूम असे मोठ्याने बोलतो. खेळाडूंना धोका कळतो, तिच्यापुढे कुणी उभं राहायचं हे ठरवता येतं. त्या फेरीत सगळं टेबल क्लेरिकसाठी लढत असतं.

दुसरी गोष्ट, खलनायकाला हवंय काय. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत बेशुद्ध कॅरेक्टरला पाच फुटांच्या आतून वार लागला तर तो क्रिटिकल (जबर) ठरतो आणि एकदम दोन डेथ सेव्ह, म्हणजे मरणातून वाचायच्या फाशांच्या संधी, बुडतात. तीन बुडाले की मरण. नियम आहे म्हणून प्रत्येक शत्रूने तो वापरायचा का? वाटमाऱ्याला पैशांची थैली हवी असते. तो पडलेल्याच्या मानेवर सुरी ठेवून बाकीच्यांना शस्त्रं टाकायला सांगेल. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली आणि शरण आल्यावर सामानसुमान ठेवून घेऊन त्याला जाऊ दिलं. (महाराजांचं उदाहरण खलनायकासाठी नाही, डावपेचांसाठी देतोय.) शत्रूला काय हवंय हे पक्कं असलं की लढाई संपवायला मरणाशिवाय दुसऱ्याही वाटा निघतात, आणि शरणागती, खंडणी, ओलीस हे सगळं खेळात येतं.

शत्रूला अक्कल दिली की खेळाडूंनाही काहीतरी हेरायला मिळतं, हे तुमच्या प्रतिक्रियेत राहून गेलं. १९८७ साली या खेळाच्या 'ड्रॅगन' मासिकाच्या संपादकीयातून गाजलेले, टकर नावाच्या डीएमचे कोबोल्ड (छोटेखानी राक्षस) आठवा. एका वारात मरतील इतक्या थोड्या हिट पॉइंटचे जीव, पण आपली भुयारं त्यांना पाठ होती. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत ते टोळीने लढतात तेव्हा भारी पडतात, उन्हात मात्र त्यांचा नेम बिघडतो. म्हणजे त्यांना दिवसाढवळ्या बाहेर काढणं हा खेळाडूंचा डाव. आमच्याकडे शत्रूपक्षाचा एक जादूगार आमच्या विझर्डचा (खेळाडूंमधल्या जादूगाराचा) प्रत्येक स्पेल काउंटरस्पेल या मंत्र मोडणाऱ्या मंत्राने पाडायचा. काउंटरस्पेल साठ फुटांपर्यंतच चालतो, फायरबॉल (आगीचा गोळा) दीडशे फूट जातो. हे आमच्या विझर्डच्या लक्षात आलं, तो मागे सरकला, आणि मग जो आरडाओरडा झाला तो हरण्यासाठीच उभ्या केलेल्या शत्रूमुळे झाला नसता.

एका बाबतीत तुमच्याशी सहमत आहे. पहिल्या लेव्हलला एखाद्या क्रिटिकलमध्ये विझर्ड आडवा होतो, तेव्हा नव्या खेळाडूंपुढे लांडगे, झोंबी असे साधे शत्रूच असावेत. झोंबीने डावपेच लढवणं तसंही पटत नाही.

तुमच्या डीएमशी भांडू नका. पुढच्या सेशनला फक्त विचारा, "याला हे कसं कळलं?" त्याच्याकडे उत्तर असेल तर ते खेळाडूंना शोधून काढता यायला हवं. नसेल, तर तो वार दुसऱ्या कुणावर तरी जायला हवा. आणि मैत्रिणीला हे उत्तर जरूर वाचायला द्या.