श्रेय एकट्या तार्याचं नाही

नाइटविश या फिनलंडच्या मेटल बँडवरचा लेख छान आहे, पण 'गायिका तार्या टुरुनेनच्या ऑपेरा ढंगाच्या आवाजामुळेच नाइटविश वर आला' हे काही पटलं नाही. आवाज होताच, वाद नाही. पण १९९६ साली किटे या पूर्व फिनलंडमधल्या छोट्या गावात बँडचा कीबोर्डवादक तुओमास होलोपाइनेनच्या डोक्यात शेकोटीभोवती वाजवायचं साधं अकूस्टिक संगीत होतं. तार्याचा आवाज त्या अकूस्टिक गिटारीला झेपेना, म्हणून इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स आले! गाणी मात्र पहिल्यापासून मुख्यतः त्या कीबोर्डवाल्याचीच.

२००४ च्या 'वन्स' या अल्बममध्ये लंडनच्या ऑर्केस्ट्राचे वादक आहेत. त्यातलं दहा मिनिटांचं 'घोस्ट लव्ह स्कोर' हेडफोन लावून ऐका. मध्येच बँड मागे सरतो, ऑर्केस्ट्रा आणि कोरस पुढे येतात आणि मग गिटार अशी काही कोसळते की बस! पुढच्याच वर्षी हेलसिंकीतल्या मैफलीनंतर तार्याला जाहीर पत्र लिहून बँडमधून काढलं, ते मला आजही खटकतं. घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला?

आणि फ्लोर यान्सेनचा लेखात उल्लेखही नाही? २०१२ मध्ये ऐन दौऱ्यात गायिका म्हणून बँडमध्ये आलेल्या या बाईंनी २०१३ ला जर्मनीतल्या वाकेनच्या मेटल महोत्सवात हेच 'घोस्ट लव्ह स्कोर' गायलंय. शेवटचा लांबलेला सूर ऐका, मग बोलू.