कपॅसिटर बदलायच्या ‘पाच सोप्या नियमां’च्या मेसेजबद्दल

‘कपॅसिटर बदलायचे पाच सोपे नियम’ हा मेसेज फिरत फिरत भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने चार्जरचा बोर्ड उघडलाही. म्हणून हे लिहिणं भाग आहे. (कपॅसिटर म्हणजे विजेचा भार साठवणारा सुटा भाग.) नियम असे: अंगावरचा आकडा म्हणजे थेट पिकोफॅरड (क्षमतेचं छोटं एकक; हजार पिकोफॅरड म्हणजे एक नॅनोफॅरड), पट्टीची बाजू नेहमी निगेटिव्ह, व्होल्टेज आणि व्हॅल्यू (म्हणजे क्षमता) जितकी जास्त तितकं बरं, सिरॅमिक सगळे सारखेच, आणि एक्स2, वाय1 (मेन्स लाइनवरच्या कपॅसिटरचे सुरक्षा वर्ग) ही नुसती छाप, त्या जागी 400 व्होल्टचा कुठलाही चालतो.

पाचव्यापासून सुरू करतो, कारण जीव त्यानेच जाईल.

230 व्होल्ट एसीचं शिखर 325 व्होल्ट, म्हणून 400 पुरेसे वाटतात. पण ते 400 डीसीचे असतात. अशा पॉलिएस्टर (प्लास्टिक फिल्मच्या) कपॅसिटरची एसी मर्यादा बऱ्याचदा 200च्या आसपास असते. शिवाय लाइनवर स्पाइक, म्हणजे क्षणभर उसळणारं व्होल्टेज, येतात ते वेगळेच. आयईसी 60384-14 या मानकात एक्स2ला 2.5, वाय2ला 5 आणि वाय1ला 8 किलोव्होल्टची इम्पल्स चाचणी आहे. छाप म्हणे!

एक्स2 फेज आणि न्यूट्रलमध्ये बसतो. तिथे साधा कपॅसिटर शॉर्ट झाला तर फ्यूज उडेल, नाहीतर आग लागेल. वाय मात्र प्रायमरी (लाइनकडची बाजू) आणि आउटपुटच्या मध्ये असतो. तो शॉर्ट झाला की लाइन थेट आउटपुटच्या पिनवर येते, आणि फ्यूज उडेलच असं नाही, कारण करंटची वाट माणसाच्या अंगातून जाते. फसवणूक दिसण्यातही आहे: ‘222, 2 किलोव्होल्ट’ लिहिलेली निळी चकती वाय1सारखीच दिसते, पण ती वाय नव्हे. खऱ्या वायवर वर्ग, एसी व्होल्टेज आणि प्रमाणन संस्थांच्या खुणा छापलेल्या असतात.

वायची व्हॅल्यूही वाढवायची नाही. 50 हर्ट्झला 2.2 नॅनोफॅरडमधून 0.16 मिलिअँपिअर करंट गळतो, 100 नॅनोफॅरडमधून 7.2. वायच्या जागी वायच, तीच व्हॅल्यू, वर्ग तोच किंवा वरचा. एक्स कधीच नाही.

एक मान्य करतो: ट्रान्सफॉर्मरविना सप्लायमध्ये सिरीजमध्ये (लाइनच्या वाटेतच) लावलेले एक्स2 हळूहळू व्हॅल्यू गमावतात, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय सिरीज वापरासाठी बनवलेला एक्स2. साधा पॉलिएस्टर नव्हे.

आता आकडे. तिसरा अंक म्हणजे पुढची शून्यं. 104 म्हणजे 1,00,000 पिकोफॅरड, म्हणजे 100 नॅनोफॅरड. मेसेजचा हिशोब जवळपास हजारपट चुकलाय. 220 म्हणजे 22 पिकोफॅरड, आणि क्रिस्टलला (सर्किटला ठोके देणाऱ्या भागाला) त्याऐवजी 221, म्हणजे 220 पिकोफॅरड, लावलात तर तो बहुधा सुरूच होणार नाही. 2A104J मध्ये 2A म्हणजे 100 व्होल्ट, J म्हणजे ±5 टक्के.

सिरॅमिक सारखे? त्यांच्या सामग्रीचे प्रकार असतात, आणि त्यांच्या नावांतले एक्स, वाय हे वरचे सुरक्षा वर्ग नव्हेत. टायमिंगला (वेळ ठरवणाऱ्या सर्किटला) स्थिर असा सी0जी लागतो. वाय5व्हीची व्हॅल्यू तापमानानुसार 82 टक्क्यांपर्यंत घसरू शकते. एक्स5आर, एक्स7आरवर डीसी चढला की व्हॅल्यू उतरते, 6.3 व्होल्टचा 10 मायक्रोफॅरडचा छोटा चिप 5 व्होल्टवर निम्माही उरत नाही, असं डेटाशीटच्या आलेखात सर्रास दिसतं.

इलेक्ट्रोलिटिकला (डब्यासारख्या, प्लस-मायनस असलेल्या कपॅसिटरला) जास्त व्होल्टेजचा पर्याय चालतो, हे खरं. 16च्या जागी 25 लावा, डबा मावला पाहिजे. पण एसएमपीएसच्या (चार्जरमधल्या स्विचिंग सप्लायच्या) आउटपुटला लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला), 105 अंशांचाच हवा. व्हॅल्यू उगाच चौपट केली तर स्टार्टचा करंट डायोडवर येतो.

पट्टी अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकवर निगेटिव्ह असते. एसएमडी (बोर्डच्या पृष्ठावर चिकटवलेल्या) टँटलम कपॅसिटरवर ती पॉझिटिव्ह असते, आणि उलटा लावलेला टँटलम पेटतो.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: प्लग काढल्यावरही मुख्य फिल्टर कपॅसिटरवर 325 व्होल्टपर्यंत उरू शकतात. इन्सुलेटेड तारांनी 2.2 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर पाच सेकंद लावा, मग मीटर डीसीवर ठेवून मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका.