नोकरी वाचवायची आहे ना? मग अकरा जण असे निवडा

आधी अभिनंदन स्वीकारा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या एका फुटबॉल क्लबाने तुम्हाला मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, नेमलंय. गळ्यात क्लबचा मफलर अडकवून फोटो झाला, तीन वर्षांचा करार झाला, ‘आम्हाला लांबचा विचार करणारा माणूस हवा होता’ असं मालक हसत हसत बोलले. मग तुम्ही पाचपैकी चार सामने हरलात आणि काल मालकांनी जाहीर केलं की मॅनेजरवर आमचा पूर्ण विश्वास आहे. मुका विश्वास वर्षानुवर्षं चालतो, पेपरात छापून आलेला दोन-तीन आठवडे. तेव्हा वेळ न घालवता संघनिवडीकडे वळू.

पहिल्यांदा डोक्यातलं एक खूळ काढून टाका. शनिवारचा संघ शनिवारचा सामना जिंकण्यासाठी निवडायचा, असं कोचिंगच्या वर्गात शिकवतात. ज्याची नोकरी पक्की आहे त्याला ते परवडतं. तुम्ही संघ निवडायचा तो सोमवारच्या बैठकीसाठी. टेबलापलीकडे मालक, स्पोर्टिंग डायरेक्टर आणि क्लबाचा वकील बसलेले असतील आणि विचारतील, ‘याला का खेळवलंत?’ अकराही नावांपुढे उत्तर तयार हवं. जिंकलात तर ही बैठकच होणार नाही. म्हणजे हरणार हे गृहीत धरूनच यादी करायची.

आता लेफ्ट बॅकचंच, म्हणजे डाव्या कडेच्या बचावपटूचंच बघा. तुमच्याकडे दोन आहेत. एक चौतीस वर्षांचा. गुडघे कुरकुरतात, विंगर (कडेने चढाई करणारा) बाजूने निघून गेला की हा जागेवरून हात वर करून ऑफसाइड मागतो. दुसरा एकोणीस वर्षांचा, क्लबाच्या अकादमीतला, रोज सरावात भल्याभल्या विंगरना अडवतो. कोणाला घ्याल? चौतीसवाल्याला, अर्थातच. तो चुकला की ‘एवढ्या अनुभवी खेळाडूकडून ही अपेक्षा नव्हती’ म्हणता येतं. पोरगा चुकला की लोक म्हणतात, ‘कोवळ्या पोराला आगीत ढकललं’. गोल तोच, पण खापर फुटायचं डोकं वेगळं.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेड ॲस्टन व्हिलाकडून ३-१ असं हरलं, तेव्हा माजी खेळाडू आणि टीव्हीवरचा समीक्षक ॲलन हॅन्सन म्हणाला होता की पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही. त्याच पोरांनी त्याच हंगामात लीग आणि एफए कप (इंग्लंडचा बाद पद्धतीचा चषक) दोन्ही आणले. लोक आजही हॅन्सनला हसतात. हसू द्या. पोरं खेळवणाऱ्या युनायटेडच्या मॅनेजरच्या, ॲलेक्स फर्गसनच्या, कपाटात तोवर इंग्लंडच्या लीगची दोन विजेतेपदं होती. तुमच्या कपाटात मफलर आहे.

महागड्या स्ट्रायकरबद्दल फार बोलायला नको. मालकांनी स्वतः पसंत करून आणलेला आहे, दहा सामन्यांत एक गोल आहे, खेळवा. त्याला बसवलंत तर मालकांची पारख चुकली असा अर्थ निघतो, आणि मालकांची पारख आजवर एकदाच चुकली आहे, ती तुम्हाला घेताना.

खरा हुकमी उपाय म्हणजे बचावात माणूस वाढवणे. नोकरी डगमगली की मॅनेजरला सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, दिसायला लागतात. पुढचा एक काढून तिसरा सेंटर बॅक, मग दोन्ही कडांचे विंगबॅकही मागे, झाले पाच. टीव्हीवर त्याला ‘व्यूहरचनेतला धाडसी बदल’ म्हणतात. हा उपाय कसा लागू पडतो याचं माझं आवडतं उदाहरण २०२१ च्या हिवाळ्यातलं आहे.

२४ ऑक्टोबरला युनायटेड घरच्या मैदानावर लिव्हरपूलकडून ५-० हरलं. मॅनेजर ओले गुन्नार सोल्शायरला जेमतेम तीन महिन्यांपूर्वी नवा करार मिळाला होता. सहा दिवसांनी टॉटनहॅमशी गाठ. सोल्शायरने नेहमीची मांडणी मोडली, तीन सेंटर बॅक लावले, पुढे रोनाल्डो आणि कावानी. दोघांच्या वयाची बेरीज सत्तर. दोघांनीही गोल केले, तिसरा रॅशफर्डने घातला, युनायटेड ३-० ने जिंकलं. धाडसी बदल!

समोरच्या बाकावर टॉटनहॅमचा मॅनेजर नूनो एस्पिरितो सांतो होता. ऑगस्टमध्ये तीन सामने, तिन्ही १-० ने जिंकलेला आणि त्याबद्दल महिन्याचा सर्वोत्तम मॅनेजर ठरलेला. त्या दिवशी एका गोलने मागे असताना त्याने लुकास मोउराला बाहेर काढून स्टीव्हन बेर्खवाइनला आत पाठवलं. संघात मोउराच काय तो थोडाफार धडपडत होता, असं प्रेक्षकांचं मत. अख्ख्या स्टेडियमने हुर्यो उडवली आणि ‘काय करतोयस ते तुझं तुला तरी कळतंय का’ या अर्थाचं गाणं सुरू केलं. आपल्याच मॅनेजरला, आपल्याच घरात. टॉटनहॅमचा गोलच्या रोखाने एकही फटका गेला नाही. दोन दिवसांनी, सोमवारी, नूनोच्या हातात नारळ.

म्हणजे पाच डिफेंडरनी खुर्ची वाचवली, फक्त ती वाचवायला समोरच्याची द्यावी लागली. तीही किती दिवस? पुढच्याच आठवड्यात मँचेस्टर सिटीसमोर पुन्हा पाच जण मागे उभे केले. पहिला गोल त्यातल्याच एकाने स्वतःच्या जाळ्यात मारला. मग सोल्शायर परत चारवर आला आणि संघ घेऊन वॉटफर्डशी खेळायला गेला. तिथे मध्यंतराला दोन गोलने मागे. तेव्हा त्याला एकदम डॉनी व्हॅन डे बेक आठवला. हॉलंडच्या आयाक्स क्लबाहून बरेच पैसे मोजून आणलेला हा मिडफिल्डर वर्षभर बाकावर बसून होता. त्याला खेळवा म्हणून लोकांचे घसे सुकले होते. तो आत आला आणि पाच मिनिटांत गोल केला. युनायटेडचा त्या सामन्यातला तो एकमेव गोल. निकाल ४-१. दुसऱ्या दिवशी सोल्शायर घरी.

इथून एक उपयुक्त गोष्ट टिपून ठेवा. ज्याच्याकडे दुर्लक्ष करून तुम्ही टीका ओढवून घेतली, त्याला शेवटच्या सामन्यात चुकूनही खेळवू नका. तो गोल करतो आणि सगळं वर्ष तुम्ही काय करत होतात याचा पुरावा देऊन जातो.

त्या दिवशी वॉटफर्डचा मॅनेजर कोण होता? क्लाउदिओ रानिएरी. तोच, ज्याने २०१६ मध्ये लेस्टरला लीग जिंकून दिली आणि ज्याला नऊ महिन्यांत, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, त्याच लेस्टरने काढलं. सोल्शायरला घरी पाठवून रानिएरी किती टिकला म्हणता? २४ जानेवारी २०२२. नूनोपासून मोजलं तर तीन महिन्यांच्या आत तीन नारळ.

रानिएरीवरून आठवलं. एकेकाळी चेल्सीत हा माणूस दर सामन्याला संघ बदलायचा, म्हणून इंग्रज पत्रकारांनी त्याला उगाच पाने-स्क्रू ड्रायव्हर घेऊन खुडबुड करणारा ठरवलं होतं. लेस्टरला आल्यावर त्याने खुडबुड बंद केली, जवळजवळ तेच अकरा जण आठवड्यामागून आठवडे खेळवले आणि जग जिंकलं. पुढच्या वर्षी हरायला लागल्यावर हात पुन्हा शिवशिवले. त्याला काढल्यावर त्याच्या सहायकाने, क्रेग शेक्सपिअरने, काय केलं? विजेत्या संघातले तेच दहा जण जुन्याच मांडणीत उभे केले. अकरावा कान्टे चेल्सीला गेला होता, त्याच्या जागी एनडिडी. लिव्हरपूलला ३-१ हरवलं. त्याआधी लेस्टरने २०१७ मध्ये लीगमध्ये एकही गोल केला नव्हता. म्हणजे उत्तर भिंतीवरच्या जुन्या फोटोत होतं. पण खुर्ची हलत असताना जुना फोटो कोण बघतो? ‘काहीतरी करतोय’ हे दिसलं पाहिजे ना!

काहीतरी करतोय हे सगळ्यात ठळक दिसावं असं वाटत असेल तर मोठा खेळाडू बसवा. यात मजा आहे. यश आलं तर ‘शिस्तीपुढे कोणी मोठा नाही’, अपयश आलं तर विषय संपलाच. रूड खुलितने न्यूकॅसलमध्ये हे करून पाहिलं. २५ ऑगस्ट १९९९, बुधवारची रात्र, घरचं मैदान, शेजारच्या संडरलँडशी सामना, वरून धो धो पाऊस. ही लढत दोन्ही गावांत किती रक्ताची, ते सांगायला नको. खुलितने ॲलन शिअररला बसवलं. शिअरर न्यूकॅसलचाच पोरगा, इंग्लंडचा कर्णधार, क्लबाने जागतिक विक्रमी किंमत मोजून घरी आणलेला. सोबत दुसरा स्ट्रायकर डंकन फर्गसनलाही बसवलं. पुढे लावला वीस वर्षांचा पॉल रॉबिन्सन. (पोरांना खेळवू नका म्हटलं होतं ना?) न्यूकॅसलने आधी गोल केला, तेव्हा क्षणभर खुलित द्रष्टा ठरला. मग संडरलँडच्या क्विनने बरोबरी केली, फिलिप्सने दुसरा घातला, आणि पावसात चिंब झालेल्या गावाने तो सामना हरला कोण हे ठरवून टाकलं. शिअरर उशिरा आत आला, पण त्याने काही वाचलं नाही. तीन दिवसांत खुलितने राजीनामा दिला. नवे मॅनेजर बॉबी रॉबसन आले, त्यांच्या घरच्या पहिल्याच लीग सामन्यात शेफिल्ड वेन्सडेला ८-० हरवलं. शिअररने एकट्याने पाच मारले.

तुम्ही म्हणाल, मग कोणालाच बसवू नये का? तसं कसं म्हणता येईल. युनायटेडच्या ॲलेक्स फर्गसनने बसवला होता. डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्याला निरोप देणारा फलक झळकला होता, हंगामाअखेर संघ तेरावा. हातात राहिला होता फक्त एफए कपचा अंतिम सामना, तोही क्रिस्टल पॅलेसशी ३-३ बरोबरीत सुटलेला. फेरसामन्याला पाच दिवस. फर्गसनने गोलकीपर जिम लेटनला वगळलं. लेटन त्याचाच माणूस. स्कॉटलंडच्या ॲबर्डीन क्लबापासूनचा, तिथे दोघांनी मिळून युरोपातला चषक जिंकलेला, त्यानेच मँचेस्टरला आणलेला. त्याच्या जागी ल्यूटन क्लबाकडून उसना आणलेला लेस सीली. युनायटेड १-० ने जिंकलं, फर्गसनची नोकरी वाचली आणि पुढे तेवीस वर्षं वाचलेलीच राहिली. लेटन त्यानंतर युनायटेडसाठी एकच सामना खेळला. दोघांची मैत्री तिथेच संपली.

संघनिवडीवरच्या प्रत्येक भाषणात ही गोष्ट ‘कठोर निर्णयाचं’ उदाहरण म्हणून सांगितली जाते. पॅलेसचा एखादा फटका सीलीच्या हातून निसटला असता, तर हीच गोष्ट घाबरलेल्या माणसाने मित्राचा बळी दिल्याची म्हणून सांगितली गेली असती आणि सांगणारेही हेच असते. मला विचाराल तर फर्गसनला त्या पाच दिवसांत हे दोन्ही माहीत होतं. पण भाषण देताना तेवढं वगळा.

राहता राहिला शेवटचा मार्ग, काहीच न बदलण्याचा. शेंडी तुटो की पारंबी, आपली पद्धत सोडायची नाही. अँज पोस्टेकोग्लूने टॉटनहॅमला हेच सांगितलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये चेल्सीविरुद्ध दोघे लाल कार्ड घेऊन बाहेर गेले, मैदानात उरले नऊ, तरी बचावफळी मध्यरेषेवरच! मागे अर्धं मैदान रिकामं आणि गोलकीपर एकटा इकडून तिकडे धावतोय. ४-१ ने हरल्यावर पत्रकारांना उत्तर मिळालं की आम्ही असेच आहोत, पाच जण उरले तरी असेच खेळू. कुणालाही आवडावा असा बाणा. दीड वर्षाने संघ लीगमध्ये सतरावा. युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीग स्पर्धेचा अंतिम सामना तेवढा उरला होता आणि तिथे अँजसाहेबांनी बाणा गुंडाळून ठेवला. एक गोल झाला आणि सगळी पलटण मागे. चेंडूचा ताबा तीस टक्क्यांहूनही कमी. जिंकले! क्लबाला सतरा वर्षांनी चषक मिळाला. सोळा दिवसांनी अँजला नारळ.

तो पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथली खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती. त्यावर आधी बसला होता आपला नूनो. अँजला तिथे एकही विजय मिळाला नाही. चेल्सीविरुद्ध संघ ३-० ने हरला, मालक तर सामना संपायच्या कितीतरी आधीच जागेवरून उठून गेले होते, आणि अंतिम शिटीनंतर अठरा मिनिटांत क्लबाने त्याला काढल्याचं जाहीर केलं. एकोणचाळीस दिवसांची नोकरी. अठरा मिनिटांत पत्रकार परिषदसुद्धा धड होत नाही, त्यामुळे कोणाला का खेळवलं याची जी अकरा उत्तरं तुम्ही पाठ केलीत ती तुमच्यापाशीच राहण्याची शक्यता धरून चला.

त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फॉरेस्टने काढल्यावर तीन आठवडे व्हायच्या आत नूनो वेस्ट हॅमला रुजू झाला होता. वेस्ट हॅमने सकाळी मॅनेजर ग्रॅहम पॉटरला काढलं आणि त्याच दिवशी नूनोला घेतलं. तेव्हा फोन चार्ज करून ठेवा आणि करारातलं नुकसानभरपाईचं कलम वकिलाकडून एकदा वाचून घ्या. कुठे ना कुठे एखादा मालक या क्षणी लागोपाठ चौथी हार बघतोय, आणि त्याला पाच डिफेंडर खेळवणारा अनुभवी माणूस हवाय.