मत नाही, मतं भरपूर

४ जून २०२४ ला पहाटे तीनचा गजर लावून उठलो. भारतात सकाळी आठला मतमोजणी सुरू होते, तेव्हा इथे ब्रिटनमध्ये साडेतीन वाजलेले असतात. घरचे झोपलेले, म्हणून आवाज बंद. मोबाइलवर न्यूज चॅनेल, लॅपटॉपवर निवडणूक आयोगाची साइट. चॅनेलवाले आयोगाच्या कितीतरी पुढे पळत असतात हे माहीत असूनही दोन्हीकडे आळीपाळीने बघत बसलो. नऊच्या मीटिंगमध्ये कुणीतरी मला काहीतरी विचारलं, तेव्हा मी महाराष्ट्रातल्या ४८ जागांची बेरीज करत होतो.

यात माझं मत? शून्य.

तसा कायद्याने हक्क आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला फॉर्म ६-अ भरून यादीत नाव घालता येतं. पण मत द्यायला पासपोर्टवरच्या पत्त्याच्या केंद्रावर, मूळ पासपोर्ट घेऊन, स्वतः जायचं. टपालाने नाही, दूतावासात नाही. आपल्या वतीने दुसऱ्या कुणी मत द्यावं अशी सोय करणारं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पुढे ती लोकसभाच विसर्जित झाली आणि ते बारगळलं. २०२४ मध्ये असे नोंदणीकृत मतदार होते १ लाख १९ हजारांच्या आसपास. मत द्यायला पोचले तीन हजारांहून कमी, त्यातले बहुतेक केरळचे.

यावर मी वर्षानुवर्षं तावातावाने बोलत आलोय. फ्रान्स बघा, परदेशातल्या नागरिकांसाठी ११ खासदार वेगळे, वगैरे. त्या मे महिन्यात ताईला फोनवर कुणाला मत द्यायचं ते समजावत होतो. ती म्हणाली, "अरे, उन्हात रांगेत मी उभी राहणार, पाच वर्षं त्यांना मी झेलणार, आणि सांगणार तू?" मी फोन जरा लवकरच ठेवला.

आता खरी गंमत. बरोबर एका महिन्याने, ४ जुलैला, इथली संसदेची निवडणूक होती. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल तर त्याला त्यात मत देता येतं, ब्रिटिश व्हावं लागत नाही. माझं नाव यादीत होतंच. उमेदवारांची पत्रकं दारातून आत पडत होती आणि मी ती न वाचता थेट रद्दीत टाकत होतो. माझा कर, माझा दवाखाना, मुलीची शाळा, सगळं ज्यांच्या हातात जाणार त्यांची ती पत्रकं! मग ते तीन वाजता उठणं म्हणजे देशाची काळजी होती, की क्रिकेट?

केंद्र घरापासून पाच मिनिटांवर. ओळखपत्र म्हणून खिशात तोच निळा भारतीय पासपोर्ट, इथे तो चालतो. आत दोऱ्याला बांधलेली शिसपेन्सिल, कागदावर फुली मारायची. शाई लावत नाहीत, त्यामुळे फोटो काढायला बोटही नाही. मतपत्रिकेवरची नावं मी तिथे पहिल्यांदा वाचली. मागे रांग नव्हती हे नशीब.

संध्याकाळी ताईला सांगितलं, आज मीही मत दिलं. तिला फार आनंद झाला. म्हणाली, "छान! कोण कोण उभं होतं रे तुमच्याकडे?"

मला दोन नावं सांगता आली. त्यातलं एक पक्षाचं होतं.